‘पास’ म्हणजे नुसते उत्तीर्ण होणे नव्हे!

सांगलीत आमच्या वस्तीच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी सात ते नऊ मुलांचा अभ्यासवर्ग चालतो. दिवसभर कचेरीत फायली हलवून झाल्या की मी तिथे इंग्रजी आणि गणित घ्यायला बसतो. मी काही इंग्रजीचा मास्तर नव्हे, बी.कॉम. झालेला साधा कारकून. पण ज्याला दोन शब्द जास्त येतात त्याने ते चार मुलांना सांगावेत, एवढीच त्यामागची भावना.

गेल्या पावसाळ्यात मी मुलांना घरातल्या माणसाविषयी इंग्रजीत पाच वाक्ये लिहून आणायला सांगितली होती. नववीतल्या एका मुलीने पहिलेच वाक्य लिहिले, “माय ग्रँडमदर पास्ड अवे लास्ट इयर.” मी वही खाली ठेवली आणि म्हणालो, “अगं, मला कुणी सांगितलंच नाही. कशानं वारल्या?” मुलगी गडबडली. म्हणाली, “सर, वारली न्हाई. आज्जी साक्षरतेच्या परीक्षेत पास झाली. पेपरात मोठ्या माणसांच्या फोटोखाली ‘पास्ड अवे’ लिवतात, म्हणून मला वाटलं मोठी परीक्षा पास झाली की तसं लिवायचं!”

सगळा वर्ग खो खो हसला. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. मला मात्र हसू आले नाही. कारण हीच चूक माझ्या हातून झाली होती, आणि तिची किंमत आमच्या सगळ्या घराने मोजली होती.

तार आणि साखर

१९९२ सालची गोष्ट. मी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी पाचवीत शिकत होतो. तेव्हा आपल्या मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. म्हणजे माझे इंग्रजी अवघ्या काही महिन्यांचे. पण आमच्या घरात तेवढेही कुणाला येत नव्हते. त्यामुळे औषधाची बाटली असो की खताचे पोते, त्यावरचे इंग्रजी वाचायला मलाच हाक येई आणि मीही छाती फुगवून वाची.

आमचे चुलते तात्या मुंबईला एका कारखान्यात होते. वायरमनच्या परीक्षेला बसलोय, पास झालो की पगार वाढेल, असे त्यांनी दिवाळीला आल्यावर सांगितले होते. त्यानंतर महिन्या-दीड महिन्याने दुपारी तार आली. मोठी माणसे रानात होती. आज्जी अंगठा उठवून कागद हातात घेऊन उभी. मला म्हणाली, “वाच की रं. साळंत जातुयास न्हवं?”

मी वाचले. तात्यांचे नाव ओळखले. पुढचा शब्द ‘पास’ ओळखला. त्यापुढचा ‘अवे’ मला कळला नाही, म्हणून तो सोडला. शेवटी ‘कम’ म्हणजे या. मी ओरडलो, “आज्जे, तात्या पास झालं! सगळ्यांना मुंबईला बोलवलंय!”

आज्जीने डब्यातली साखर काढली. गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या हातावर चिमूट चिमूट ठेवली. दिवस मावळताना आमच्या शाळेचे गुरुजी रस्त्याने चालले होते. आज्जीने त्यांनाही थांबवून साखर दिली आणि कौतुकाने तार दाखवली. गुरुजींनी ती वाचली. साखर त्यांच्या मुठीतच राहिली. आज्जीला ते काही बोलले नाहीत. माझ्या वडिलांना बाजूला घेऊन गेले.

मला कुणी मारले नाही, कुणी रागावले नाही. उलट आज्जीच नंतर म्हणत असे, “लेकराला काय ठावं?” पण ‘पास’ हा शब्द त्या दिवसापासून माझ्या मानेवर बसला. तारेची सेवा आपल्या देशात २०१३ सालच्या जुलैमध्ये बंद झाली. इंग्रजी मजकूर मात्र आता नोटिशीतून, बँकेच्या निरोपातून, दवाखान्याच्या कागदातून रोज घरात येतो आणि अजूनही तो वाचायला घरातल्या लहान पोरालाच पुढे केले जाते. म्हणून आज या एका शब्दाविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे वाटले.

शेपटाला लागलेला लहान शब्द

इंग्रजी क्रियापद एकटे असते तेव्हा एक बोलते, आणि त्याच्या मागे एखादा लहान शब्द लागला की भलतेच बोलते. ‘पास’च्या मागे ‘अवे’ आला की मरण पावणे. ‘आउट’ आला की बेशुद्ध पडणे. आपल्याकडे कॉलेज संपवून बाहेर पडलेल्यालाही ‘पासआउट’ म्हणतात. ‘ऑन’ आला की पुढच्याला देणे. ‘बाय’ आला की जवळून निघून जाणे. ‘थ्रू’ आला की मधून जाणे. ‘ओव्हर’ आला की वगळणे, डावलणे. नोकरदार वाचकांना या शेवटच्या अर्थाचा अनुभव वेगळा सांगायला नको.

यात इंग्रजीलाच नावे ठेवू नयेत. आपल्या मराठीतले ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, फोन लागतो, निकाल लागतो, वेड लागते. बाहेरून मराठी शिकायला आलेला माणूस या ‘लागण्या’ने रडकुंडीला येईल. आपल्याला ते सोपे वाटते, कारण ते आपण पुस्तकातून नाही, आईच्या तोंडून शिकलो. इंग्रजी आपल्या आईच्या तोंडी नव्हते, म्हणून ते जास्त लक्ष देऊन शिकावे लागते, एवढाच फरक. यात बुद्धीचा कमीपणा नाही.

शिवाय ‘पास’ आपल्या घरात कधीच येऊन बसला आहे. मुलींना शाळेसाठी अहिल्याबाई होळकर योजनेतून एस.टी.चा मोफत पास मिळतो, तो पास म्हणजे प्रवासाचा परवाना. बँकेचे पासबुक. परदेशी जायचा पासपोर्ट. गावाबाहेरून जाणारा बायपास रस्ता, आणि हृदयाची बायपास शस्त्रक्रिया. व्हॉलीबॉलमध्ये “पास दे” म्हणजे चेंडू इकडे दे. पत्त्यांच्या डावात “पास” म्हणजे माझी पाळी मी सोडली. भुईमुगाच्या शेंगा खात टाइमपास. आणि आपल्या भागातल्या ट्रकवाल्यांच्या तोंडचा ‘पासिंग’! गाडी कुठल्या पासिंगची, असे विचारले की दहाची म्हणजे सांगलीची, अकराची म्हणजे साताऱ्याची आणि पन्नासची म्हणजे कराडची, हे पोरगेसुद्धा सांगते.

दवाखान्यातला एक अर्थ घरच्या बायाबापड्यांनी लक्षात ठेवावा. डॉक्टरांच्या कागदावर ‘पासिंग युरिन’ असे असेल तर तिथे परीक्षेचा काही संबंध नाही. लघवी होते की नाही, एवढेच त्यात लिहिलेले असते.

ठराव पास झाला, पण पाणी?

कचेरीत माझा निम्मा दिवस ‘बिल पास’ करण्यात जातो. बिल तपासायचे, जोडपत्रे बघायची, साहेबांची सही घ्यायची, की शिक्का बसतो : पैसे देण्यास मंजूर. गावातून आलेल्या साध्या माणसाला वाटते, बिल पास झाले म्हणजे पैसे मिळाले. तो हात जोडतो आणि घरी जातो. प्रत्यक्षात पुढे अजून दोन टेबले असतात. पास होणे आणि हातात पडणे यांत अंतर असते.

हे अंतर आपल्या समाजाला फार जुने माहीत आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलमध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला. सरकारी पैशाने चाललेली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सर्व पास! पण तळ्याचे पाणी ओंजळीत यायला २० मार्च १९२७ चा दिवस उजाडावा लागला. बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यावर चालत गेले तेव्हा. त्यानंतरही न्यायालयात झुंजावे लागले, आणि १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. ठराव पास होण्यापासून त्या निकालापर्यंत सुमारे चौदा वर्षे.

दुसरे उदाहरण आपल्या भगिनींसाठी. कायद्याच्या मसुद्यालाही बिलच म्हणतात. बाबासाहेबांनी कायदेमंत्री म्हणून हिंदू कोड बिल मांडले. बायकांना वारसा, घटस्फोट, दत्तक यांत हक्क देणारे ते बिल संसदेत पास होऊ दिले गेले नाही. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यामागे हे एक मोठे कारण होते. पुढे १९५५ आणि १९५६ साली त्याच बिलाचे तुकडे वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपाने पास झाले. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मजात हक्क मिळाला तो २००५ सालच्या दुरुस्तीने. तेव्हा कुणी “पास झालंय हो” म्हणाले, की आपण पुढचा प्रश्न विचारावा : अंमल कधी?

दुसऱ्याच्या नावाने ‘पास’

आता या शब्दाचा असा एक अर्थ, जो शाळेच्या गाइडात सहसा सापडत नाही. ‘पास’च्या मागे ‘अ‍ॅज’ किंवा ‘फॉर’ आला की अर्थ होतो, आपण जे नाही ते म्हणून खपून जाणे. अमेरिकेत उजळ रंगाची काही निग्रो माणसे गोऱ्यांत गोरी म्हणून राहत. आईबापाशी, भावंडांशी नाते तोडून राहत, कारण त्याशिवाय नोकरी, घर, मान मिळत नसे. त्याला तिकडे ‘पासिंग’च म्हणत.

या अर्थाचा धडा आपल्या सातारा जिल्ह्याच्या मातीतच घडलेला आहे. १९०१ साली बालवयातले बाबासाहेब आपल्या भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर सुभेदार रामजींना भेटायला निघाले. रामजी तेव्हा कोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. पोरे मसूर स्टेशनावर उतरली. स्टेशनमास्तरने कोण म्हणून विचारले, तेव्हा त्यांनी खरे ते सांगितले, आणि तिथून वनवास सुरू झाला. गाडीवान मिळेना. मिळाला तो दुप्पट भाडे घेऊन, आणि पोरांनी गाडी हाकायची, त्याने पायी चालायचे या अटीवर. रात्री जकात नाक्यापाशी पोचले तेव्हा जवळ जेवण होते, पण पाणी नव्हते. मुसलमान आहोत म्हणून सांगा, असा सल्ला गाडीवानाने दिला. छोट्या भीमरावाने उर्दूत बोलून पाणी मागून पाहिले. नाकेदाराने दाद दिली नाही. पोरे उपाशीच झोपली.

पुढे परदेशातून शिकून आल्यावर बडोद्यात नोकरीला गेले तेव्हा राहायला जागा नाही म्हणून पारशी नावाने पारशांच्या धर्मशाळेत उतरावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसे आली आणि बाहेर काढले. हे सारे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ते हस्तलिखित १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिका म्हणून छापले. तिचे नाव आहे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. व्हिसा म्हणजे तरी काय? एका अर्थी पासच! स्वतःच्याच देशात चालायला-फिरायला परवाना लागणारा माणूस, असा त्या नावाचा रोख आहे.

दक्षिण आफ्रिकेत तर काळ्या माणसाला खरोखरीचा पास जवळ बाळगावा लागे. पास नसेल तर तुरुंग. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे त्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि ६९ माणसे मेली. ते पासाचे कायदे १९८६ साली रद्द झाले. महाडचा दिवस २० मार्च, हा २१ मार्च. लागूनच आहेत.

आता माझी एक गोष्ट सांगतो. आजवर घरी सोडून कुठे बोललो नव्हतो. बी.कॉम.ला असताना मी शहरात खोली शोधत होतो. चार ठिकाणी आडनाव विचारून “खोली दिली गेली” असे उत्तर मिळाले. पाचव्या ठिकाणी मी दुसरेच आडनाव सांगितले. खोली मिळाली. तीन महिने राहिलो. घरमालकीण प्रेमळ होती, सणाला ताट द्यायची. पण त्या तीन महिन्यांत मी बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत कपड्यांखाली ठेवला होता. वडील भेटायला यायचे म्हणाले, तर मी त्यांना स्टँडवरच भेटायला बोलावले. कारण ते आल्याबरोबर “जयभीम” म्हणाले असते. स्टँडवरच्या बाकावर बसून वडिलांनी भाकरी सोडली आणि विचारले, “खोली लई लांब हाय का रं?” मी “हो” म्हणालो. खोली दहा मिनिटांवर होती.

परीक्षेत मी त्या वर्षी पास झालो. पण त्या बाकावर मी नापास झालो होतो, हे मला आजही कळते. महिनाअखेरीस खोली सोडली आणि मित्राच्या खोलीत तिसरा म्हणून जमिनीवर झोपू लागलो. फोटो भिंतीवर लावला. त्या दिवशी झोप चांगली लागली.

ज्याला पोटासाठी, डोक्यावरच्या छपरासाठी नाव झाकावे लागते त्याला मी दोष देत नाही. दोष आडनाव विचारणाऱ्याचा. पण शक्य असेल तिथे आपल्या मुलांनी आपल्या नावानेच पुढे जावे.

मार्कांचा पास आणि पुढचा पास

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, बाबासाहेबांचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. शाळेच्या रजिस्टरात ते आहे. तो दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. इंग्रजी पक्के व्हावे म्हणून सुभेदार रामजींनी घरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांच्याकडून घोटून घेतली. एकेका शब्दाचे दोन-चार अर्थ, एकेक वाक्य उलटसुलट. १९०७ साली ते मॅट्रिक पास झाले. मार्क ७५० पैकी २८२. आजच्या नव्वद-पंच्याण्णव टक्क्यांच्या बाजारात या आकड्याकडे कुणी ढुंकून पाहणार नाही! तरीही समाजाने सभा भरवून सत्कार केला. अध्यक्ष होते तेच बोले, ज्यांचा ठराव वर सांगितला. कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हातात दिले. इंग्रजीतल्या ‘पास ऑन’चे याहून चांगले उदाहरण मला सापडत नाही. जवळचे पुढच्याच्या हाती देणे.

आणि जो शाळेत पास झाला नाही त्याचे काय? आमच्या सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे शाळेत दीड दिवस गेले असे सांगतात. एकही परीक्षा ते पास झाले नाहीत. पण त्यांच्या ‘फकिरा’ कादंबरीला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले, आणि ती त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. म्हणून नापास मुलाला टाकून बोलू नका. त्याचा पास कुठे तरी दुसऱ्या नाक्यावर असेल.

आता मुलांसाठी तीन कामाच्या गोष्टी. एक, इंग्रजी क्रियापद दिसले की तिथेच थांबू नका. त्यामागचा लहान शब्द वाचा. मी ‘अवे’ सोडला म्हणून काय झाले ते वर सांगितलेच आहे. दोन, अर्थ पाठ करू नका, वाक्य पाठ करा. एका अर्थाला आपल्या घरातले एक वाक्य वहीत लिहा. तीन, ‘पास’चे भूतकाळी रूप आणि ‘पास्ट’ म्हणजे भूतकाळ किंवा पलीकडे, यांचा उच्चार एकच आहे, स्पेलिंग वेगळे. पहिल्यात दोन एस आणि शेवटी ई, डी. दुसऱ्यात एक एस आणि टी. परीक्षेत हे हमखास चुकते.

त्या मुलीच्या वहीतला ‘अवे’ मी खोडला नाही. तिलाच खोडायला लावला आणि त्याजागी परीक्षेचे नाव लिहायला सांगितले. दुसऱ्या दिवशी ती आज्जीला घेऊनच वर्गात आली. म्हातारीने प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणले होते, आणि पदराच्या गाठीला साखर. सगळ्या मुलांच्या हातावर तिने ती ठेवली, माझ्याही.

शब्दकोशात ‘पास’चे मूळ लॅटिन भाषेत दिले आहे. तिकडे त्या मूळ शब्दाचा अर्थ आहे पाऊल.

जयभीम.